लिटल लीग, पिचिंग आणि मुलांचं कोपर

कोपरखळी

एप्रिल उजाडला की गप्पांच्या वाहत्या पानावर ‘मुलाचं कोपर दुखतंय, बर्फ लावू का’ असे प्रश्न यायला लागतात, आणि उत्तरं तिथेच वाहून जातात. म्हणून हा वेगळा धागा. अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्या ९ ते १५ वयाच्या पिचर (चेंडू टाकणारा) आणि कॅचर (बॅटरमागे तो झेलणारा) मुलांपुरतं बोलू. लिटल लीग ही तिथली मुलांच्या बेसबॉलची संघटना.

आपल्या डोक्यात क्रिकेट मुरलेलं असतं, त्यामुळे पहिली गल्लत तिथेच होते. क्रिकेटमध्ये बोलरचं कोपर जवळजवळ सरळ राहतं, ताण कंबरेवर जातो. म्हणून वेगवान बोलरच्या मणक्याला बारीक तडे जातात. बेसबॉलमध्ये कोपर साधारण काटकोनात दुमडून हात मागे पडतो आणि मग चाबकासारखा उलगडतो. त्या क्षणी एकाच सांध्यात तीन गोष्टी होतात: आतली बाजू ताणली जाते, बाहेरची बाजू चेपली जाते, मागचं टोक घासतं. (तळवा समोर ठेवून हात खाली सोडला की अंगाकडची ती आतली बाजू.)

बर्मिंगहॅम, अलाबामा इथल्या अमेरिकन स्पोर्ट्‌स मेडिसिन इन्स्टिट्यूटच्या मोजमापात हा पीळ लहान पिचरमध्ये सुमारे २८ न्यूटन-मीटर आणि व्यावसायिक पिचरमध्ये सुमारे ६४ भरला. २८ म्हणजे किती? कोपर काटकोनात धरून तळहाताशी दहा किलोचं वजन आडवं ओढायला लावावं, साधारण तितका. दर चेंडूला.

मोठ्या माणसात या ओढीने आतल्या बाजूचा अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारा दोर) तुटतो. अल्नर कोलॅटरल लिगामेंट, म्हणजे यूसीएल, तो हाच. मुलांमध्ये मात्र अस्थिबंध मजबूत आणि तो ज्या हाडाच्या टोकाला चिकटलेला असतो ते टोकच कच्चं. आतल्या बाजूला हाताला लागणारा उंचवटा पाचेक वर्षांच्या सुमारास हाड धरायला लागतो, पण मुख्य हाडाशी पक्का जुळायला पंधरा-सतरा वर्षं जावी लागतात. मधल्या काळात तिथे कूर्चेची (मऊ, कच्च्या हाडाची) वाढपट्टी असते. दोर शाबूत आणि खुंटी ढिली, असा प्रकार. यालाच ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात. हे नाव १९६० पासून वैद्यकीय लिखाणात आहे.

दुखतं कुठे, यावरून पुढचं ठरतं:

आतल्या बाजूला, हळूहळू वाढत गेलेलं, एका बोटाने दाबून दाखवता येतं: बहुधा वाढपट्टीची सूज. फेकणं बंद केलं की बरं होतं.

आतल्याच बाजूला, पण एका फेकीत ‘टक्’ झालं आणि हात गळाला: उंचवटा तुटून ओढला गेल्याची शक्यता. हात झोळीत घालून त्याच दिवशी एक्स-रे.

बाहेरच्या बाजूला, बोथट, खेळल्यानंतर जाणवणारं: याची सर्वात जास्त धास्ती घ्यावी. याबद्दल खाली वेगळं लिहितो.

करंगळी आणि अनामिकेत मुंग्या: अल्नर नस ताणली जातेय.

मागच्या टोकाला, चेंडू सुटताना कळ: बहुतेक मोठ्या, सोळा-सतराच्या मुलांत.

---

कोपरखळी

बाहेरच्या बाजूचं. दंडाच्या हाडाचं गोल टोक आणि मनगटाकडून येणाऱ्या हाडाचा माथा एकमेकांवर आपटत राहतात. गोल टोकाच्या कूर्चेखालच्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच बेताचा, त्यामुळे तिथला तुकडा मरगळतो आणि पुढे सुटतोही. नाव ऑस्टिओकाँड्रायटिस डिसिकन्स, सोयीसाठी ओसीडी (मनाच्या आजाराशी संबंध नाही). वय साधारण ११ ते १५. मूल फार कुरकुरत नाही, कारण दुखणं मोठं नसतं. कोपर पूर्ण सरळ होईनासं होतं, मध्येच अडकतं, कधी कट्‌कट् वाजतं. अडकायला लागलं की तुकडा सुटला असावा, आणि मग ऑपरेशनची गोष्ट निघते. सांध्याच्या पृष्ठभागाचंच नुकसान असल्यामुळे पुढे कायमचा ताठरपणा राहू शकतो.

दहा वर्षांखालच्या मुलात त्याच जागी पॅनर्स डिसीज होतो. तो विश्रांतीने आपला आपण भरतो. दोन्हींची गल्लत करून बारा वर्षांच्या मुलाला ‘वाढीच्या वयातलं आहे, जाईल’ म्हणू नये.

---

रविवारचा_पंच

छान धागा. नियम मी टाकतो, कारण डगआउटमध्ये निम्म्या पालकांना ते अर्धेच माहीत असतात.

लिटल लीगने २००७ मध्ये इनिंगची (बेसबॉलमधला छोटा डाव) मर्यादा काढून चेंडूंची आणली. दिवसाला कमाल: ७-८ वयाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५.

विश्रांती, वय १४ आणि त्याखाली: २० पर्यंत काही नाही, २१-३५ ला १ दिवस, ३६-५० ला २, ५१-६५ ला ३, ६६ आणि वर ४. हे दिवस कॅलेंडरचे. शनिवारी ७० टाकले तर रवि, सोम, मंगळ, बुध गेले आणि गुरुवारी पुन्हा माउंड (पिचर उभा राहतो ते टेकाड).

एक फट आहे: समोर बॅटर असताना उंबरठा ओलांडला तर त्या बॅटरचं संपेपर्यंत टाकता येतं आणि विश्रांती खालच्याच टप्प्याची लागते. म्हणजे ३५ वर असताना नवा बॅटर आला आणि त्याने फाउल मारून मारून (चेंडू रेषेबाहेर घालवून) दहा चेंडू खाल्ले, तर प्रत्यक्षात ४५ आणि कागदावर... थांबा, इथेच लोक चुकतात. फायदा मिळतो तो बॅटर खेळायला आला तेव्हा आकडा ३५ च्या आत असेल आणि मध्येच ३५ ओलांडला असेल तर, शिवाय पुढच्या बॅटरला एकही चेंडू टाकायचा नाही. ३५ पूर्ण होऊन गेल्यावर नव्या बॅटरला टाकला की दोन दिवस.

कॅचरचं: ४१ किंवा जास्त चेंडू टाकले की त्या दिवशी कॅचर व्हायचं नाही. ४ इनिंग कॅचर राहिला की त्या दिवशी पिच करायचं नाही.

---

चिंचगूळ

वाचतेय. शंका अशी की मूल गावातल्या लीगमध्येही आहे आणि ट्रॅव्हल टीममध्येही (बाहेरगावी स्पर्धा खेळणारा संघ), तर हे आकडे कोण एकत्र करतं?

---

रविवारचा_पंच

कोणी नाही! प्रत्येक जण आपापलं पान लिहितो. बऱ्याच ट्रॅव्हल स्पर्धांत तर अजून इनिंगच मोजतात, आणि एका इनिंगमध्ये ९ चेंडूही पडतात आणि ३८ ही.

---

मनगट

(मी फिजिओच्या बाजूने लिहितेय.)

बेरीज पालकांनीच करायची. आणि नुसते मॅचमधले चेंडू धरून भागत नाही. हायस्कूलच्या पिचरवर झालेल्या एका मोजणीत एकूण चेंडूंपैकी सुमारे ४२ टक्के अधिकृत आकड्यात आलेच नव्हते: बुलपेनमधला (पिचरच्या सरावाची बाजूची जागा) वॉर्मअप आणि इनिंग सुरू होण्याआधीचे चेंडू. ‘५० टाकले’ म्हणजे हाताच्या हिशेबी ८५ च्या आसपास.

वहीत दर दिवशी एक ओळ पुरते: मॅचचे चेंडू, वॉर्मअप-बुलपेनचे चेंडू, कॅचर म्हणून इनिंग, लांबून जोरात फेकी (शॉर्टस्टॉप, आउटफील्ड अशा फील्डिंगच्या जागांवरून), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखतंय का, ० ते १०. रात्री विचारू नका. मॅच जिंकलेलं मूल रात्री ‘नाही’च म्हणतं.

हो, आणि क्रिकेट. बे एरिया, न्यू जर्सी, डॅलसकडे शनिवारी बेसबॉल आणि रविवारी क्रिकेट अकादमी असा बेत सर्रास असतो. बोलिंगने कोपराला फारसं काही होत नाही, पण बाउंड्रीवरून विकेटकीपरकडे केलेली फेक ही फेकच. ती वहीत गेली पाहिजे. फुटबॉलचा क्वार्टरबॅक, भाला, टेनिसची सर्व्हिस यांनाही हेच लागू.

---

कोपरखळी

वर्षाचा हिशेब ‘पिच स्मार्ट’मध्ये आहे. मेजर लीग (व्यावसायिक बेसबॉल) आणि यूएसए बेसबॉलने २०१४ मध्ये ती मार्गदर्शक तत्त्वं काढली. ९ ते १२ वयाला १२ महिन्यांत सगळ्या टीम मिळून ८० इनिंग, १३-१४ ला १००. वर्षातले किमान ४ महिने फेकणं बंद, त्यातले २-३ महिने सलग.

यामागचे आकडे पाहा. बर्मिंगहॅमच्याच संस्थेने ९ ते १४ वयाच्या ४८१ पिचरवर १० वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांनी कुठल्याही एका वर्षात १०० पेक्षा जास्त इनिंग टाकल्या, त्यांच्यात गंभीर दुखापत साडेतीन पट होती. त्याआधी खांद्या-कोपराचं ऑपरेशन झालेल्या मुलांची न झालेल्यांशी तुलना केली होती. वर्षात ८ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांत धोका ५ पट, एका वेळी ८० च्या वर टाकणाऱ्यांत ४ पट, आणि हात दमलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांत ३६ पट.

छत्तीस. इथे टायपो नाही.

---

डावखुरा

+१. आणि गंमत अशी की पालकांची सगळी भीती कर्व्हबॉलवर (वळणारा चेंडू) खर्च होते. त्याच १० वर्षांच्या अभ्यासात कर्व्हबॉल लवकर शिकल्याने दुखापत वाढली असं सिद्ध झालं नाही. प्रयोगशाळेतही कोपरावर सर्वात जास्त पीळ फास्टबॉलचाच (सरळ, जोराचा), सर्वात कमी चेंजअपचा (फसवा, हळू चेंडू).

---

तिसरा_बेस

डावखुरा, अर्धंच सांगताय. २००२ च्या अभ्यासात ९ ते १४ च्या मुलांत स्लायडर (वेगाने आडवा वळणारा चेंडू) टाकणाऱ्यांना कोपरदुखीचा धोका ८६ टक्क्यांनी जास्त आणि कर्व्हबॉल टाकणाऱ्यांना खांदेदुखीचा ५२ टक्क्यांनी जास्त आढळला होता. पिच स्मार्टही १२ पर्यंत फास्टबॉल आणि चेंजअप एवढंच म्हणतं.

---

डावखुरा

मान्य, स्लायडरची बाजू मी घेणार नाही. मुद्दा वेगळा आहे. प्रयोगशाळेत येतो तो नीट शिकलेला कर्व्हबॉल: मनगट आधीच वळवून ठेवलेलं, हात फास्टबॉलसारखाच. दहा वर्षांचं मूल यूट्यूब बघून टाकतं तेव्हा चेंडू सुटताना दाराची मूठ फिरवल्यासारखं मनगट पिळतं. शिवाय कर्व्हबॉल चालला की कोच त्याच पोराला दर शनिवारी उभं करतो, मग दुखापत कर्व्हबॉलची की शनिवारांची? चेंजअप शिकवा. पकड बदलते, हाताचा वेग तोच, आणि बारा वर्षांचे बॅटर त्यावर हमखास आधी बॅट फिरवून बसतात.

---

मनगट

टेकनिक पाहायचं असेल तर फोनवर स्लो-मोशन पुरे. उजव्या हाताच्या पिचरसाठी तिसऱ्या बेसच्या बाजूने एक आणि कॅचरच्या मागून जाळीतून एक. पुढचा पाय जमिनीला टेकला त्याच फ्रेमवर थांबवा:

कोपर दोन्ही खांद्यांच्या रेषेत आलंय का? खाली असेल तर आतल्या बाजूवर ओढ वाढते.
चेंडूचा हात वर उभा झालाय का, की अजून खालूनच येतोय? उशिरा येणारा हात धड वळल्यावर मागे फरफटतो.
छाती अजून तिसऱ्या बेसकडे आहे का? पाय टेकण्याआधीच छाती फिरली तर कंबरेचा जोर वाया जातो आणि भरपाई हात करतो.
पाऊल प्लेटकडे (बॅटर उभा असतो तिथे) आहे का, की पहिल्या बेसकडे उघडलंय?

पहिल्या इनिंगचा आणि चौथ्या इनिंगचा व्हिडिओ शेजारी ठेवा. दमलेल्या मुलाचं कोपर उतरतं, चेंडू वर-वर जायला लागतात, दोन चेंडूंमधला वेळ लांबतो, मध्येच हात झटकला जातो. कमाल आकडा व्हायच्या आधी ३८ वर हे दिसलं तर ३८ वरच काढायचं. ती कमाल आहे, कोटा नव्हे.

घरी दर आठवड्याला एक तपासणी: दोन्ही हात समोर, तळवे वर, कोपरं पूर्ण सरळ. फेकायचा हात जरा जरी वाकडा राहिला तर नोंद. मग कोपरं दुमडून बोटं त्या-त्या खांद्याला लावायची, दोन्हीकडे सारखी टेकतात का? मग आतल्या उंचवट्यावर आणि बाहेरच्या सांध्यावर अंगठ्याने दाब. दोन मिनिटांचं काम.

---

चिंचगूळ

आणि दुखतच असेल तर बर्फ, आयबुप्रोफेन, मालिश?

---

मनगट

बर्फाने कळ कमी होते, बाकी काही नाही. कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं, आतल्या उंचवट्यामागच्या खोबणीवर थेट नको, तिथून नस जाते. मॅचच्या आधी गोळी देऊन माउंडवर पाठवणं ही या धाग्यातली सर्वात मोठी चूक समजा. आगीचा भोंगा काढून ठेवण्यासारखं आहे. आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावायला हरकत नाही, पण लेप लावला म्हणून शनिवारी खेळवायचं नाही. तेल लावून कोपर ‘मोकळं’ करायला झटका देऊन सरळ करणं अजिबात नको, ओसीडीत तर मुळीच नको.

डॉक्टरकडे: स्पोर्ट्‌स मेडिसिन किंवा मुलांचा ऑर्थोपेडिक मिळाला तर उत्तम. एक्स-रे दोन्ही कोपरांचा मागा, कारण वाढपट्टी रुंदावली आहे की मुळातच तेवढी आहे हे शेजारच्या हाताशी ताडूनच कळतं. बाहेरच्या बाजूला दुखत असेल तर कोपर ४५ अंशांत दुमडून समोरून काढलेला फोटोही हवा. सरळ हाताच्या फोटोत ओसीडी लपतो. सुरुवातीला तोही साधा दिसू शकतो, म्हणून कोपर सरळ होत नसेल तर एमआरआयचा आग्रह धरा. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर विषय संपत नाही.

---

डावखुरा

जपानमध्ये यासाठी मैदानावरच अल्ट्रासाउंड घेऊन जातात. तोकुशिमा भागात मुलांच्या कोपरांची अशी तपासणी वर्षानुवर्षं चालू आहे. अर्थात तिथे गरजही तशीच: २०१३ च्या वसंत कोशिएनमध्ये (हायस्कूलची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा) तोमोहिरो आनराकु या शाळकरी पिचरने ५ मॅचमध्ये ७७२ चेंडू टाकले होते. हायस्कूलला आठवड्याला ५०० ची मर्यादा २०२० साली आली.

---

तिसरा_बेस

टॉमी जॉन ऑपरेशनने वेग वाढतो म्हणतात, त्याचं काय? काही पालक सोळाव्या वर्षीच विचारतात म्हणे.

---

कोपरखळी

वाढत नाही. सर्जन फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ ला डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या मनगटाची कंडरा काढून डाव्या कोपरात अस्थिबंधाच्या जागी ओवली. तो १९७६ ला परतला आणि नंतर १६४ मॅच जिंकला, त्यामुळे ऑपरेशनला वलय आलं. परतल्यावर वेग वाढलेला वाटतो तो वर्षभराच्या व्यायामाचा आणि वयाचा. पंधराव्या वर्षी हात टेकलेला मुलगा सतराव्या वर्षी जोरात टाकणारच. माउंडवर यायला १२ ते १८ महिने लागतात. अमेरिकेत २००७ ते २०११ मध्ये झालेल्या या ऑपरेशनांपैकी निम्म्याहून अधिक १५ ते १९ वयाच्या मुलांवर झाली. वाढपट्टी उघडी असलेल्या मुलात मात्र बहुधा हा अस्थिबंध गुन्हेगार नसतो.

वजनी चेंडूंबद्दल कोणी विचारायच्या आत: नेहमीचा चेंडू ५ ते ५.२५ औंसांचा. १३ ते १८ वयाच्या मुलांवर ६ आठवड्यांच्या वजनी चेंडूंच्या चाचणीत वेग थोडा वाढला, आणि तो गट चोवीस टक्के जायबंदी झाला. लहानांना नकोच.

---

चिंचगूळ

वाढपट्टीची सूज निघाली तर परत कधी आणि कसं?

---

मनगट

डॉक्टर सांगतील ते पहिलं. सर्वसाधारण रीत अशी: ४ ते ६ आठवडे फेकणं पूर्ण बंद. या काळात खांद्यामागचे आणि फऱ्याचे स्नायू (रबर बँडने बाहेर फिरवणं, रोइंग, १५ चे २-३ सेट), पोट-कंबर, एका पायावर उभं राहून तोल. दाबून दुखत नाही, कोपर दुसऱ्यासारखं सरळ होतं, पकडीची ताकद सारखी, हे तिन्ही झाल्यावरच चेंडू हातात.

मग एक दिवसाआड. ३० फुटांवरून २५ फेकी, ५-१० मिनिटं थांबून आणखी २५. त्रास नाही झाला तर पुढच्या वेळी २५ च्या तीन फेऱ्या. मग तोच क्रम ४५, ६० आणि ९० फुटांवर. दुखलं तर एक पायरी मागे. दुसऱ्या दिवशीही दुखत राहिलं तर थांबून फोन. माउंड (लिटल लीगचा ४६ फुटांचा) सर्वात शेवटी, आधी १५ फास्टबॉल. सगळं मिळून तीनेक महिने जातात, म्हणजे बहुधा सीझन गेला.

मुलाला ‘अर्ध्या जोराने टाक’ सांगून उपयोग नाही. अर्धा जोर समजून टाकलेल्या चेंडूचा वेग ८५ टक्क्यांच्या आसपास भरतो, हे मोजलेलं आहे. ‘कमान करून टाक’ सांगा आणि अंतराने जोर आवरा.

---

तिसरा_बेस

तोवर पहिल्या बेसवर उभं केलं किंवा नुसती बॅटिंग दिली तर?

---

मनगट

पहिल्या बेसवरूनही तिसऱ्यावर जोरात फेकावं लागतं, आणि मॅचच्या भरात मूल फेकतंच. त्यामुळे फील्डिंग नको. वाढपट्टीची सूज असेल आणि दुखत नसेल तर बॅटिंगला सहसा परवानगी मिळते.

ओसीडीचं वेगळं. तिथे बॅटिंगही बंद, कारण चेपली जाणारी बाजूच आजारी आहे. हातावर भार येणारं सगळं बंद: पुश-अप, जिम्नॅस्टिक्स, हँडस्टँड. बालविहारमध्ये सूर्यनमस्कार घेत असतील तर तिथल्या ताईंनाही सांगून ठेवा, चतुरंगात तो सगळा भार कोपरावरच येतो.